जिवाणूंच्या अंगावरील रसायने आणि वर्णपटाची परीक्षा

मृगाच्या आगेमागे गावात दोन कामे चालू असतात. गोठ्यात गुरांना घटसर्पाची व फऱ्याची लस टोचली जाते आणि ओसरीवर सोयाबीन, तूर, भुईमूग यांच्या बियाण्याला जिवाणू संवर्धक चोळले जाते. घटसर्पाच्या लशीतील जिवाणू मारलेले असतात; संवर्धकाच्या पाकिटातील जिवाणू जिवंत असतात. एक रोगाचा जिवाणू, तर दुसरा पिकाचा मित्र. तरीही दोघांचे कार्य एकाच गोष्टीवर अवलंबून असते. ती गोष्ट म्हणजे जिवाणूच्या पृष्ठभागाची रासायनिक घडण. जनावराचे शरीर शत्रूला त्याच्या अंगावरील आवरणावरून ओळखते आणि पिकाचे मूळही आपल्या मित्राला बरेचसे त्याच खुणेवरून ओळखते. ही घडण बिघडली तर टोचलेली लस व चोळलेले संवर्धक दोन्ही वाया जातात. म्हणून हे आवरण कशाचे असते, ते शास्त्रज्ञ प्रकाशाच्या साहाय्याने कसे तपासतात आणि त्यापासून शेतकऱ्याने काय बोध घ्यावा, याची माहिती येथे दिली आहे.

परळ येथील प्रारंभ

महाराष्ट्रात या विषयाची सुरुवात मुंबईच्या परळ भागात झाली, असे म्हणण्यास हरकत नाही. १८८६ मध्ये परळ येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. त्यानंतर दहा वर्षांनी, म्हणजे सप्टेंबर १८९६ मध्ये, मांडवी भागातील रुग्णांमध्ये डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले. रोग शहरभर पसरला आणि असंख्य कुटुंबे कोकणात व घाटावर निघून गेली. ऑक्टोबर महिन्यात डॉ. वाल्देमार हाफकिन मुंबईस आले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील लहानशा जागेत त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या अंगावर टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळ येथील गव्हर्नरच्या जुन्या निवासस्थानात हलविण्यात आली. हीच संस्था १९२५ पासून हाफकिन संस्था या नावाने ओळखली जाते.

हाफकिन यांची रीत शेतकऱ्याला सहज समजेल अशी होती. ते मांसरसाच्या भांड्यात तुपाचे थेंब तरंगत ठेवीत. प्लेगचे जिवाणू तुपाला धरून वाढत आणि गुहेच्या छतापासून चुनखडीचे सुळके खाली उतरावेत तसे रसात लोंबू लागत. भांडे हलविले की हे सुळके तुटून तळाशी बसत आणि वरच्या तुपाला नवी वाढ येई. पुरेशी वाढ झाल्यावर ते सर्व उष्णतेने मारून त्याची लस करीत. आता, जिवाणू तुपाला का धरून राहतो? पाण्यापेक्षा स्निग्ध पदार्थाशी जवळीक करणारे काही रासायनिक गट ज्याच्या अंगावर असतात, तो तुपाच्या थेंबाशी चिकटतो. म्हणजे लस करण्याच्या त्या पहिल्या रीतीतही जिवाणूच्या पृष्ठभागाचा गुण नकळत उपयोगी पडत होता.

पुढील संशोधनात आणखी एक महत्त्वाची गोष्ट उघडकीस आली. प्लेगचा जिवाणू २६ अंश सेल्सियसच्या आसपास वाढविला तर त्याच्या अंगावर विशेष आवरण येत नाही. ३७ अंशांवर, म्हणजे माणसाच्या अंगाच्या उष्णतेत वाढविला की तो प्रथिनाचे जाड आवरण धारण करतो. पिसवेच्या अंगात एक वेष आणि माणसाच्या अंगात दुसरा! जिवाणू तोच, पण वेष निराळा. कोणत्या वेषातील जिवाणूची लस केली यावर शरीर कोणत्या वेषाला ओळखण्यास शिकते हे ठरते. यास्तव लस तयार करणाऱ्याला जिवाणूचे नाव ठाऊक असून भागत नाही. त्याच्या अंगावर त्या घटकेला काय आहे, हेही ठाऊक असावे लागते.

जिवाणूच्या अंगावर काय असते?

सामान्य जिवाणू लांबीने एक ते दोन मायक्रोमीटर असतो. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. एवढ्याशा देहाला पेशीभित्ती असते. १८८४ मध्ये हान्स क्रिस्तियान ग्राम या डॅनिश शास्त्रज्ञाने रंग देऊन जिवाणूंचे दोन गट पाडण्याची रीत शोधली आणि ती आजही प्रत्येक प्रयोगशाळेत चालते. जांभळा रंग धरून ठेवणाऱ्या जिवाणूंची भित्ती जाड, अनेक पदरी असते. रंग सोडून देणाऱ्यांची भित्ती पातळ असून तिच्यावर स्निग्ध व शर्करायुक्त पदार्थांचा आणखी एक पडदा असतो. फऱ्याचे जिवाणू पहिल्या गटातील, तर घटसर्पाचे व मुळांवर गाठी करणारे रायझोबियम दुसऱ्या गटातील होत.

पुष्कळ जिवाणू या भित्तीवर आणखी एक बुळबुळीत आवरण घेतात. १९२३ मध्ये हायडेलबर्गर व एव्हरी यांनी न्यूमोनियाच्या जिवाणूचे आवरण बहुशर्करेचे, म्हणजे साखरेच्या अनेक कणांच्या साखळीचे असते, असे दाखविले. फाशी या गुरांच्या रोगाचा जिवाणू मात्र शर्करेऐवजी ग्लुटामिक आम्लाच्या साखळीचे आवरण घेतो. १९३० नंतरच्या दशकात दक्षिण आफ्रिकेतील मॅक्स स्टर्न यांनी हे आवरण धारण करण्याची शक्ती गमावलेला वाण वेगळा काढला. आवरण नसल्यामुळे त्याची रोग करण्याची शक्ती फारच क्षीण झालेली असते, आणि त्याच्या जिवंत बीजाणूंची लस आजही गुरांना देतात. एका आवरणाच्या असण्या-नसण्याने जिवाणू मारक ठरतो किंवा तारक ठरतो!

घटसर्पाच्या जिवाणूचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. पाश्चुरेला मल्टोसिडा हे एकच नाव असलेल्या या जिवाणूचे प्रकार त्याच्या बाह्य आवरणावरून अक्षराने आणि त्याखालील पडद्याच्या शर्करेवरून अंकाने ओळखतात. आशियात गाईम्हशींना घटसर्प करणारा प्रकार ‘बी-२’ होय, तर आफ्रिकेत ‘ई-२’ हाही आढळतो. कोंबड्यांच्या कॉलऱ्यात बहुधा ‘ए’ आवरणाचा प्रकार असतो. जिवाणूचे नाव एकच असले तरी कोंबड्यांची लस म्हशीला उपयोगी नाही, याचे कारण हेच.

प्रकाश पदार्थाला कसा ओळखतो?

मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या देहावरील अतिशय पातळ थर कापून वेगळा काढणे अवघड असते, आणि रसायने घालून तो सुटा केला तर त्याचे मूळ रूप बदलण्याचा संभव असतो. म्हणून शास्त्रज्ञ प्रकाशाचा आश्रय घेतात. प्रकाश फोडून त्याचे घटक तपासण्याच्या शास्त्राला वर्णपटविज्ञान म्हणतात.

पदार्थातील अणू एकमेकांशी बंधांनी जोडलेले असतात. हे बंध ताठ काठीसारखे नसून स्प्रिंगसारखे असतात व सतत कंप पावत असतात. झाडाला बांधलेल्या झोपाळ्याची स्वतःची एक लय असते. त्या लयीत हात लावला तरच झोका वाढतो. भलत्या वेळी ढकलले तर वाढत नाही. अणूंच्या बंधांचेही असेच आहे. कर्ब व प्राणवायू यांच्या बंधाची लय एक, नत्र व उद्जन यांच्या बंधाची दुसरी. ज्या किरणाची लय बंधाच्या लयीशी जुळते तेवढाच किरण तो बंध शोषून घेतो आणि बाकीचे किरण पुढे जातात. कोणते किरण गळाले हे पाहिले की पदार्थात कोणते बंध आहेत हे कळते.

या कामास जे किरण लागतात त्यांना अवरक्त किरण म्हणतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण उष्णतेच्या रूपाने जाणवतात. विल्यम हर्शेल यांनी १८०० मध्ये सूर्यप्रकाशाच्या वर्णपटात तांबड्या पट्ट्याच्या पलीकडे तापमापक ठेवून त्यांचा शोध लावला. या किरणांची मोजणी एका सेंटीमीटरच्या अंतरात किती लहरी मावतात या संख्येने करतात. जिवाणूंच्या परीक्षेत साधारणतः ४००० ते ४०० या संख्यांमधील किरण वापरतात.

जिवाणूचा वर्णपट कागदावर उमटतो तो डोंगररांगेसारखा दिसतो आणि त्यातील प्रत्येक शिखराला अर्थ असतो. २८०० ते ३००० या भागातील शिखरे मुख्यतः स्निग्ध पदार्थांची. १६५० व १५५० जवळची दोन मोठी शिखरे प्रथिनांची. १२४० च्या आसपास स्फुरदयुक्त गटांची खूण मिळते आणि १२०० ते ९०० या भागात बहुशर्करांचे शिखरपुंज असतात. १४०० जवळचे शिखर आम्लगटांचे. यामुळे फाशीच्या जिवाणूचे ग्लुटामिक आम्लाचे आवरण आणि दुसऱ्या एखाद्या जिवाणूचे शर्करेचे आवरण यांतील फरक कागदावर दिसू शकतो. १९९१ मध्ये बर्लिन येथील नाउमान व त्यांच्या सहकाऱ्यांनी, अशा वर्णपटांची तुलना करून जिवाणूंच्या जाती व वाण वेगळे ओळखता येतात, असे दाखविले. माणसाच्या अंगठ्याच्या ठशाप्रमाणे हा वर्णपट वाणाचा ठसा ठरतो.

परीक्षेच्या तीन रीती

पहिली रीत अवरक्त किरणांची. जिवाणू धुऊन त्यांचा पातळ थर हिऱ्यासारख्या स्फटिकावर पसरतात. किरण स्फटिकाच्या आत परावर्तित होतो आणि परावर्तन होताना सुमारे एक मायक्रोमीटरपर्यंत बाहेरच्या थरात डोकावून येतो. रीत जलद व स्वस्त आहे. मात्र एक मायक्रोमीटर म्हणजे जवळजवळ अख्ख्या जिवाणूची जाडी. त्यामुळे पृष्ठभागाबरोबर आतील पदार्थांच्या खुणाही वर्णपटात मिसळतात. शिवाय पाण्याचे स्वतःचे शिखर १६४० जवळ, म्हणजे प्रथिनाच्या शिखराला खेटूनच असते. म्हणून नमुना बहुधा वाळवून घेतात.

दुसरी रीत भारतीयांना अभिमान वाटावा अशी आहे. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कोलकाता येथे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी, पदार्थावरून विखुरलेल्या प्रकाशाचा थोडा अंश रंग बदलून बाहेर पडतो, हे सिद्ध केले. या शोधाबद्दल त्यांना १९३० चे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रकाशाच्या रंगात किती बदल झाला यावरून बंधांची लय कळते. या रीतीत पाण्याचा अडथळा फार थोडा असतो. म्हणून ओले, जिवंत जिवाणूही तपासता येतात. चांदीच्या किंवा सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांना जिवाणू टेकला तर कणालगतच्या भागाची खूण पुष्कळ पटींनी ठळक होते. म्हणजे नेमक्या पृष्ठभागाचीच वार्ता मिळते.

तिसरी रीत क्ष-किरणांची. क्ष-किरण पदार्थावर पडले की अणूंमधून इलेक्ट्रॉन बाहेर फेकले जातात आणि त्यांच्या वेगावरून तो अणू कोणाचा हे कळते. स्वीडनच्या काय सीगबान यांना या रीतीबद्दल १९८१ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. खोलवरचे इलेक्ट्रॉन वाटेतच अडकतात. जे सुटून येतात ते वरच्या पाच ते दहा नॅनोमीटरच्या थरातील असतात. मायक्रोमीटरचा हजारावा भाग म्हणजे नॅनोमीटर. त्यामुळे पृष्ठभागाची खरी परीक्षा याच रीतीने होते. कर्ब, नत्र, प्राणवायू व स्फुरद यांचे परस्परांशी प्रमाण मिळते. नत्र अधिक असेल तर वर प्रथिन अधिक. नत्र कमी व प्राणवायू अधिक असेल तर शर्करा अधिक, असे अनुमान काढतात. मात्र नमुना कोरडा करून निर्वात पेटीत ठेवावा लागतो आणि उपकरण महाग असते.

यावरून दिसेल की एकट्या रीतीने काम भागत नाही. पीक ओळखताना शेतकरी पान, खोड व मूळ तिन्ही पाहतो, तसेच येथेही तिन्ही साक्षी ताडून पाहाव्या लागतात. आणखी एक पथ्य फार महत्त्वाचे आहे. ज्यांची तुलना करावयाची ते जिवाणू एकाच अन्नावर, एकाच उष्णतेत व एकाच वयापर्यंत वाढविलेले असले पाहिजेत. प्लेगच्या जिवाणूचा वेष उष्णतेबरोबर कसा बदलतो हे वर सांगितलेच आहे. हे पथ्य पाळले नाही तर वाणातील फरक समजून वाढीतील फरकच मोजला जाईल. अशी उपकरणे विद्यापीठांत व संशोधन संस्थांत असतात. मुंबईत पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या उपकरण केंद्रात बाहेरच्या संशोधकांचे नमुनेही तपासले जातात.

शेतीशी संबंध

मुळांवरील गाठींचे उदाहरण घेऊ. लसूणघास व मेथी यांच्या मुळांवर गाठी करणारा जिवाणू आपल्या अंगाभोवती एक बहुशर्करा सोडतो. तिच्या साखळीवर ठराविक अंतराने सक्सिनिक आम्लाचे गट लटकलेले असतात. संशोधकांनी हे गट न बनविणारे वाण लसूणघासावर वापरून पाहिले. मुळांवर गाठी आल्या, पण जिवाणू त्यांच्या आत शिरूच शकले नाहीत. गाठी रिकाम्या राहिल्या आणि नत्र काही मिळाले नाही. शर्करेची सारी साखळी शाबूत असून एका लहानशा गटाच्या अभावी पीक उपाशी राहिले. अशा गटांच्या खुणा अवरक्त वर्णपटात १७३० च्या आसपास शोधता येतात. सोयाबीनचे संवर्धक हरभऱ्याला चालत नाही, याचे मूळही अशाच रासायनिक ओळखीत आहे. मूळ व जिवाणू परस्परांकडे पाठवीत असलेले रासायनिक संदेश आणि जिवाणूच्या अंगावरील शर्करा ही दोन्ही जुळावी लागतात.

दुसरी गोष्ट विद्युत्भाराची. जिवाणूच्या अंगावरील आम्लगट व स्फुरदयुक्त गट यांमुळे त्याच्या पृष्ठभागावर बहुधा ऋण भार असतो. धातूंचे कण धन भाराचे असल्याने ते त्याला चटकन चिकटतात. ताम्रयुक्त बुरशीनाशकातील तांबे अशाच रीतीने जिवाणूला गाठते व त्याचा नाश करते. बुरशीनाशक आणि संवर्धक एकत्र कालवू नये, असे जे सांगितले जाते त्याचे हे एक कारण आहे.

तिसरी गोष्ट उष्णतेची. आवरणातील बहुशर्करा उष्णतेला बऱ्यापैकी टिकते, परंतु पुष्कळशी प्रथिने फार तापली की अंड्याच्या बलकाभोवतालच्या पांढऱ्याप्रमाणे आपली घडी मोडून गोठतात. वर्णपटात हा बदल स्पष्ट दिसतो. प्रथिनाचे १६५० जवळचे शिखर सरकते व १६२० च्या आसपास नवे शिखर वर येते. प्रयोगशाळेत मोजून दिलेली उष्णता निराळी आणि मोटारसायकलच्या डिकीत दुपारभर लागलेली उष्णता निराळी. अशी तापलेली कुपी बाहेरून पूर्वीसारखीच दिसते, पण तिच्यातील प्रथिनांचे रूप शरीराने ओळखावे तसे राहिलेले नसते.

गावपातळीवर घ्यावयाची काळजी

लशीविषयी. घटसर्पाची व फऱ्याची लस पावसाळा सुरू होण्यापूर्वी द्यावी, म्हणजे शरीराला शत्रूची ओळख पटण्यास वेळ मिळतो. लस २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवावी व बर्फाच्या पेटीतूनच गावात न्यावी. मात्र ती गोठू देऊ नये. तुरटीच्या लशीतील कण गोठल्याने गोळा होतात आणि तेलाच्या लशीचे मिश्रण फुटते. मग ती पुन्हा पातळ झाली तरी उपयोगाची नसते. म्हणून कुपी थेट बर्फाला टेकवू नये. फाशीची लस ज्या भागात रोग पूर्वी आढळला आहे तेथेच पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्यावी. ती जिवंत असल्याने तिच्या आगेमागे प्रतिजैविके देऊ नयेत.

स्वच्छतेविषयी. १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल येथे प्लेगच्या लशीच्या एकाच कुपीतून टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. हाफकिन यांच्यावर ठपका आला. पुढे १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. कुपी उघडताना वापरलेला चिमटा जमिनीवर पडला होता, असे चौकशीत पुढे आले होते. प्रयोगशाळेतील उत्तमोत्तम परीक्षा कुपीचे बूच निघेपर्यंतच पुरते. त्यानंतरची जबाबदारी टोचणाऱ्याच्या हातावर असते. सुया उकळलेल्या वा नव्या असाव्यात आणि उघडलेली कुपी दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये.

संवर्धकाविषयी. पाकिटावर पिकाचे नाव व वापराची अंतिम तारीख पाहूनच ते घ्यावे. सरकारी मानकाप्रमाणे रायझोबियमच्या भुकटीरूप संवर्धकात दर ग्रॅमला किमान ५ कोटी जिवंत जिवाणू असावे लागतात. पाकीट उन्हात वा खतांच्या पोत्यांवर ठेवू नये. दर किलो बियाण्याला साधारणतः २५ ग्रॅम संवर्धक गुळाच्या थंड पाण्यात कालवून हलक्या हाताने चोळावे. गूळ पूर्ण थंड झालेला असावा. गरम पाण्यात कालविलेले संवर्धक म्हणजे मेलेले संवर्धक होय. बियाण्याला बुरशीनाशक लावावयाचे असल्यास ते आधी लावून वाळू द्यावे आणि संवर्धक सर्वांत शेवटी लावावे. बियाणे सावलीत सुकवून शक्य तितक्या लवकर पेरावे.

पेरणीनंतर सुमारे ३५ ते ४० दिवसांनी चार-पाच रोपे मातीसह हळूच उपटून मुळे धुवावीत व गाठी नखाने फोडून पाहाव्यात. आतून गुलाबी-तांबूस गाठ म्हणजे जिवाणू आत पोहोचला व कामाला लागला. पांढरी किंवा हिरवट गाठ दिसली तर काम झालेले नाही असे समजावे आणि पाकिटाचे वेष्टन जपून ठेवून कृषी अधिकाऱ्यास दाखवावे. शेतकऱ्याच्या बांधावर वर्णपटाचे यंत्र नसते. परंतु नखाने फोडलेल्या गाठीचा रंग हीदेखील प्रकाशाचीच साक्ष आहे, आणि ती घेण्यास काही खर्च लागत नाही.